'फोडणीसाठी तेल' म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पाककृतींचे सदर मी गेली कित्येक वर्षे नियमाने वाचते, आवडलेल्या कृतींची कात्रणे एका वहीत चिकटवून ठेवते आणि त्यांतील पुष्कळशा घरी करूनही पाहते. गेल्या महिन्यात ती वही पहिल्या पानापासून चाळत असताना एक गोष्ट लक्षात आली आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. डाळ एक वाटी, हळद पाव चमचा, मोहरी अर्धा चमचा, हिंग चिमूटभर, कढीपत्त्याची सात-आठ पाने, असे सगळे मोजूनमापून सांगणारी कृती तेलापाशी आली की एकदम मोघम होते. 'फोडणीसाठी तेल', 'तेल आवश्यकतेनुसार', 'तळणीसाठी तेल' एवढेच शब्द तिथे असतात. घरातल्या माणसांच्या वजनाशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध, तो एकच जिन्नस बिनमापाचा राहतो.

मी ५४ वर्षांची, साताऱ्यात राहणारी, नोकरी सांभाळून घरचा दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारी स्त्री आहे. जानेवारी २०२५ मध्ये माझे वजन ७८ किलो होते आणि उंची १५५ सेंटिमीटर आहे, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) साडेबत्तीसच्या घरात. आपल्याकडच्या लोकांत कमी वजनावरही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून भारतीयांसाठी डॉक्टर २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. मी यांतली प्रत्येक रेघ केव्हाच ओलांडली होती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष २५ च्या वर आढळले होते, तेव्हा ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. जिना चढताना गुडघे बोलू लागले होते आणि रक्तदाबाची गोळी सुरू होऊन चार वर्षे झाली होती.

त्याआधी मी दोन वेळा वजन उतरवून पाहिले. एकदा शहरातल्या एका केंद्रातून भुकटीचे डबे आणले, तीन महिन्यांत ९ किलो वजन गेले, डबे परवडेनासे झाल्यावर ते बंद केले आणि पाच महिन्यांत गेलेले वजन सव्याज परत आले. दुसऱ्या वेळी कुणीतरी दिलेल्या छापील तक्त्याप्रमाणे उकडलेल्या भाज्या आणि सूप सुरू केले. घरच्यांसाठी एक स्वयंपाक आणि माझ्यासाठी दुसरा, असे १९ दिवस निभावले. विसाव्या दिवशी घरी पाहुणे आले आणि तो तक्ता फडताळात गेला तो गेलाच. या दोन्ही प्रयत्नांत माझ्या रोजच्या स्वयंपाकाला कुणी हात लावला नव्हता, आणि मीही लावला नव्हता.

फरक पडला तो एका रिकाम्या डब्यामुळे. आमच्याकडे तेल १५ किलोच्या डब्याने येत असे. दिवाळीत उघडलेला डबा संक्रांतीला तिळाची पोळी करताना संपला, तेव्हा मी कॅलेंडर पाहून दिवस मोजले. ते ७५ भरले. घरात माणसे चार. १५ किलोला ७५ दिवसांनी भागले तर दिवसाला २०० ग्रॅम, म्हणजे माणशी ५० ग्रॅम तेल. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम पिठातून किंवा डाळीतल्या प्रथिनांतून साधारण ४. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात रोज साडेचारशे कॅलरी नुसत्या तेलातून जात होत्या, आणि त्यात बाहेरचा वडापाव, शेव-फरसाण, दुधावरची साय किंवा दाण्याचे कूट धरलेलेच नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत २००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटाला वरचे तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सांगितले आहे. आम्ही जवळजवळ दुप्पट खात होतो आणि आमच्या घरात कुणाला 'आपण तेलकट खातो' असे एकदाही वाटले नव्हते.

हे तेल जाते कुठे, हे पाहण्यासाठी मी मसाला मोजायचा पाच मिलिलिटरचा चमचा घेतला. हा चमचा काठोकाठ भरला की साडेचार ग्रॅम तेल आणि चाळीस कॅलरी होतात. आठवडाभर प्रत्येक पदार्थात तेल घालताना ते या चमच्याने मोजून घातले, पण कमी मात्र केले नाही. माझा समज होता की दोष भाजीच्या तर्रीचा असेल. निघाला पोळीचा. घडीच्या पोळीत लाटताना अर्धा चमचा आणि तव्यावर भाजताना अर्धा चमचा, असे एका पोळीला चमचाभर तेल लागत होते. मी दिवसाला सहा पोळ्या खात होते. म्हणजे दिवसभराचे सांगितलेले २७ ग्रॅम नुसत्या पोळ्यांतच संपत होते आणि आमटी, भाजी, कोशिंबिरीवरची फोडणी हे सगळे त्यापुढचे होते. फोडणीच्या आमच्या पळीत २५ ग्रॅम तेल मावते, हेही त्याच आठवड्यात कळले. ती पळी सासूबाईंनी मला लग्नानंतर हाती दिली होती आणि तीस वर्षे मी 'एक पळी' हेच माप समजत आले होते.

मग मी माणशी पाच चमचे, म्हणजे घराला दिवसाचे वीस चमचे असे ठरवले. सकाळी ओट्यावर एका छोट्या वाटीत २० चमचे तेल काढून ठेवायचे, दिवसभराचा स्वयंपाक त्यातच करायचा आणि संपले तर पुन्हा बरणीला हात लावायचा नाही. पहिल्या संध्याकाळी चार माणसांच्या आमटीला मी दोन चमचे तेल पातेल्यात घातले, ते पातेल्याच्या रुंद बुडावर पसरून गेले, मोहरी तडतडण्याऐवजी काळी पडून चिकटली आणि आमटीला कडवट चव आली. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. त्या काही न बोलता उठल्या, माळ्यावरच्या पितळी भांड्यांमागून एक जुने लोखंडी कढले मला काढायला लावले, ते घासून चुलीवर, म्हणजे गॅसवर, कोरडेच तापवले आणि मग त्यात दोनच चमचे तेल सोडले. कढल्याचा तळ खोल आणि अरुंद असल्यामुळे तेवढे तेलही मधोमध डबक्यासारखे साठले, मोहरी त्यात बुडाली आणि घरभर ऐकू जाईल अशी तडतडली. आमटी उकळल्यावर ती फोडणी वरून ओतली, कढल्यात पळीभर आमटी घालून ते विसळून पुन्हा पातेल्यात रिकामे केले. वास आणि चव यांत कुणाला फरक कळला नाही. सासूबाई म्हणाल्या, ''आमच्याकडे आठवड्याच्या बाजारातून पावशेर तेल यायचं, त्यात सात माणसं जेवायची. पसरून घालायला तेल होतंच कुठं?'' त्या काळचे गोडवे त्या गात नाहीत. तेल कमी होते कारण पैसा कमी होता, हे त्या स्पष्ट सांगतात; पण कमी तेलात चव कशी आणायची हे त्या टंचाईने त्यांना शिकवले होते आणि ते मला शिकायला मिळाले.

पुढचे बदल याच वाटेने आले. ताटाएवढे झाकण कढईवर ठेवून त्यात पाणी घालायचे आणि भाजी वाफेवर शिजवायची, ही आपल्या घरांतली जुनीच रीत; त्या रीतीने कोबी, दुधी, घेवडा, दोडका चार चमच्यांऐवजी दीड चमचा तेलात होतात. कांदा परतताना लागायला लागला की तेलाऐवजी पाण्याचा हबका मारते. बिडाचा तवा नीट मुरला की मुगाचे धिरडे अर्ध्या चमच्यात सुटते. पोळीच्या जागी एक वेळ ज्वारीची भाकरी आणि एक वेळ फुलका आला आणि तिथेच सर्वांत मोठी बचत झाली, कारण भाकरीला तेल लागतच नाही. भाकरीबरोबर मटकीची किंवा चवळीची उसळ, चाकवत, शेपू, अंबाडी अशी बाजारात जी मिळेल ती पालेभाजी, बिनफोडणीची काकडीची किंवा मुळ्याची कोशिंबीर आणि पेलाभर ताक, असे दुपारचे जेवण असते. रात्री मुगाची खिचडी आणि कढी किंवा भाकरी-पिठले. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर भूक खवळते, त्या वेळी हाताशी येणारा फरसाणाचा डबा काढून तिथे फुटाण्यांचा ठेवला. शेवेच्या पाकिटावर मागच्या बाजूला वाचले तर १०० ग्रॅममागे ३५ ते ४० ग्रॅम स्निग्ध पदार्थ लिहिलेले दिसतात. फुटाण्यांत ते त्याच्या कित्येक पटींनी कमी असतात आणि पोट मात्र भरते. रविवारी चिकनचा रस्सा होतो, कातडी काढून आणि वाटणातले सुके खोबरे निम्मे करून.

दाण्याचे कूट आणि खोबरे यांच्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण मराठी स्वयंपाकात तेल बरणीतून येते त्याहून अधिक चोरपावलांनी कुटातून येते. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते, सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त, तिळातही साधारण निम्मे. शेंगदाण्यात २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनेही असतात, म्हणून मी कूट बंद केलेले नाही आणि कुणी करावे असेही मला वाटत नाही. पण भरल्या वांग्यात वाटीभर कूट आणि वर पळीभर तर्री असे दोन्ही नको. कूट घातले त्या दिवशी तेलाचे दोन चमचे वाटीतून आधीच कमी करते. उपासाच्या दिवशी तर हे विशेष पाळावे लागते. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही, त्यात तूप, कूट आणि वर बटाटा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीला अक्षरशः लागू पडते. आता उपासाला वरीचे तांदूळ, ताक आणि एखादे फळ असते.

माणशी ५० ग्रॅमवरून आम्ही साडेबावीस ग्रॅमवर आलो, म्हणजे दिवसाला जवळपास २५० कॅलरी कमी झाल्या. तेवढ्या खर्च करायला माझ्यासारखीला तासभर झपझप चालावे लागते. चालणेही सुरू केले, अर्ध्या तासाचे. पण पावसाळ्यात ते आठ-आठ दिवस बंद पडत असे आणि तेलाची वाटी मात्र ओट्यावर रोज असे. पहिल्या दोन महिन्यांत ३ किलो उतरले, श्रावण ते गणपती वजन हलले नाही, नंतर पुन्हा उतरू लागले. १४ महिन्यांत ७८ चे ६७ झाले. रक्तदाबाच्या गोळीचा डोस माझ्या डॉक्टरांनीच तपासून निम्मा केला. आता १५ किलोचा डबा आणणे बंद झाले आहे, कारण तो साडेपाच महिने पुरेल आणि तोवर तेल खवट होईल. त्याऐवजी महिन्याला एक लिटरच्या तीन पिशव्या येतात.

मला एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कमी तेलाचा आहार हा वजन कमी करण्याचा एकमेव मार्ग आहे असा माझा दावा नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात घराघरांत पोहोचवलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत पाळून वजन उतरवलेली माणसे माझ्या ओळखीत आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांपैकी काहींना कमी स्निग्ध आणि काहींना कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर देऊन पाहिला गेला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी घटलेले आढळले, आणि हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. त्या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब निराळीच आहे. सुरुवातीला दिवसाला २० ग्रॅमपर्यंत स्निग्ध पदार्थ उतरवून नंतर प्रत्येकाने जेवढे आयुष्यभर पाळता येईल तेवढ्यापर्यंत ते हळूहळू वाढवावे, असे कमी स्निग्ध गटाला सांगितले होते. आणि दोन्ही गटांना भाज्या भरपूर खा, साखर-मैदा टाळा, शक्यतो घरी शिजवलेले खा, असेही सांगितले होते. माझ्या घरात जादा कॅलरी तेलातून येत होत्या म्हणून मी तेलाला हात घातला. ज्याच्या घरात त्या साखरेतून येत असतील त्याने साखरेचा डबा मोजावा. पण तेल कमी करून त्या जागी 'फॅट फ्री' छापलेली बिस्किटे आणि गोड दही खाल्ले तर पदरात काही पडत नाही. कायद्याने १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक स्निग्धांश नसेल तर 'फॅट फ्री' लिहिता येते. साखर किती असावी याच्याशी त्या दोन शब्दांचा संबंध नाही. तसेच 'कोलेस्ट्रॉल फ्री' हे शब्द पाहून हात सैल सोडू नये. वनस्पतीपासून काढलेल्या कुठल्याच तेलात कोलेस्ट्रॉल नसते, आणि करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, ऑलिव्ह यांपैकी कोणतेही घेतले तरी ग्रॅमला कॅलरी ९ च.

काही जणांनी हे माझे वाचून तसेच करू नये, हेही इथे लिहिणे माझे कर्तव्य समजते. सासूबाई मुळात किडकिडीत आहेत, वयाने त्यांचे स्नायू उतरत चालले आहेत, म्हणून त्यांच्या खिमटीवरचे तूप मी एका चमच्यानेही कमी केलेले नाही. ते वाटीच्या हिशेबाबाहेर आहे. दोन वर्षांखालच्या बाळाचे तूप आणि दुधाची साय काढून घेऊ नये, त्याच्या वाढीला ती लागतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरवण्याच्या मागे लागूच नये. तेल शून्यावर आणणेही बरोबर नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जायला स्निग्ध पदार्थ लागतात, शरीराला स्वतः बनवता न येणारी काही स्निग्धाम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात, आणि फार झपाट्याने वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. महिन्याला किलो-दीड किलो उतरले तर ते पुष्कळ झाले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून प्रत्येक घराने तेल १० टक्क्यांनी कमी करावे असे आवाहन केले, तेव्हा माझी वाटी सुरू होऊन महिना झाला होता. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांतून तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण दहा टक्के कमी करायचे तर आधी शंभर टक्के किती हे घरातल्या बाईला, किंवा जो कुणी स्वयंपाक करतो त्याला, ठाऊक असावे लागते. आणि ज्या पाककृती वाचून आम्ही स्वयंपाक करतो त्यांतच ते माप लिहिलेले नसते. माझ्या वहीतल्या बहुतेक कात्रणांत ते नाही. फलक कचेरीच्या भिंतीवर असतो, पाककृती मात्र ओट्यावर, हाताशी, तेलाच्या बरणीला टेकवून ठेवलेली असते.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी आहे की पुरवणीतील प्रत्येक पाककृतीत तेल आणि तूप चमच्यांत लिहिले जावे, चमचा पाच मिलिलिटरचा आहे हे सदराच्या माथ्यावर एकदा छापावे आणि ती कृती किती माणसांची आहे हेही सांगावे. 'फोडणीसाठी तेल' याऐवजी 'फोडणीसाठी तेल २ चमचे, चार माणसांना' एवढे लिहायला अर्धी ओळ अधिक लागते. तळणीच्या पदार्थांचे माप सांगता येत नाही असे म्हटले जाईल, पण तेही सांगता येते. कढईतले तेल तळण्यापूर्वी आणि तळून झाल्यावर निवल्यावर, असे दोनदा वजनकाट्यावर ठेवले की झाले. गुढीपाडव्याला मी तसे केले तेव्हा २० पुऱ्यांनी ९० ग्रॅम तेल प्यायलेले निघाले, म्हणजे पुरीमागे एक चमचा. सण म्हणून आम्ही त्या आनंदाने खाल्ल्या आणि त्या दिवशी भाजी, वरण आणि कोशिंबीर बिनफोडणीची केली. आपल्या सदरासाठी कृती पाठवणाऱ्या भगिनींनी आणि बंधूंनी एवढे एक वजन करून पाठवले तर चकली, कडबोळी, कोथिंबीरवडी, साबुदाणावडा या प्रत्येकापुढे एक आकडा येईल, आणि दिवाळीच्या आधीच्या अंकापासून आपण याची सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते. माझ्या वहीतल्या कृती मी मोजून पुन्हा लिहायला घेतल्या आहेत. आतापर्यंत झालेल्या सतरा कृती आपल्याला हव्या असल्यास पोस्टाने पाठवीन.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा